व्याजाचा दर आणि तारण

कर्जाचा दर केवळ ऋणकोची पत पाहून ठरत नाहीं. तारण काय, तें कोणाच्या ताब्यांत आणि हमी कोणाची, या कलमांवरही तो अवलंबून असतो. नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होता, त्या राज्याचाच इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

चंदुलालाच्या कारभारांत हैदराबादची पामर पेढी दरबारास शेकडा २४-२५ दरानें कर्ज देई. तारण म्हणजे महसुलावरील वराता. पीक बुडालें कीं वरात नुसता कागद. १८२० च्या ६० लाखांच्या कर्जास दर १८ ठरला. त्याच वर्षीं रेसिडेंट झालेल्या मेटकाफनें पुढें सुचविलें, कीं कंपनी सरकारनें हमी द्यावी, म्हणजे ६ टक्क्यांनीं पैसा मिळेल. ऋणको तोच, मुलूखही तोच. बदललें तें एक कलम. तथापि हा सारा फरक जोखमीचा होता, असें आम्हांस वाटत नाहीं. १८१६ पासून पामरांस इंग्रज सरकारचा परवाना होता. ते धोक्याचें व्याज घेत, पण धोका पुरता पत्करीत नसत.

१८५३ च्या तहांत कंपनीच्या कर्जास व्याज ६ टक्केच होतें. मात्र वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब प्रत्यक्ष ताब्यांत गेले. १८६० सालीं सुमारें ५० लाखांचें कर्ज सुटलें आणि धाराशिव परत आलें. १९८२ सालीं लातूर जिल्हा निघाला तो यांतूनच. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलें. म्हणून दोन दर ताडून पाहतांना तारणाचें कलम आधीं वाचावें, असें आम्ही सुचवितों.