बाळाला पाळण्यातून अंथरुणावर कधी न्यावं?

बारशाला बाळ पाळण्यात जातं, पण बाहेर कधी काढायचं याचा मुहूर्त कुणी सांगत नाही. बाळ उठून बसायला, कडा धरायला लागलं (साधारण सहावा महिना) की पाळणा आणि झोळी बंद करावी. कठड्याची लाकडी कॉट असेल, तर पोर कठड्यावर पाय टाकेपर्यंत किंवा उंची तीन फुटांजवळ जाईपर्यंत चालते.

पुढं काय? मलकापुरात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खाली गादी घातली की पडायची भीती मिटली. कराड तालुक्यातल्या शेतवस्तीवर मात्र उघडं अंथरूण नको. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावा दुखत नाही, खूणही दिसत नाही. तिथं बुटकी कॉट बरी, भिंतीशी फट न ठेवता. गादी खालीच असेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचावी.

पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड दिसल्या तर मांत्रिकाकडं नको, लगेच १०८ ला फोन लावावा. कॉटवरून डोक्यावर पडून पोर बेशुद्ध झालं किंवा सारखं ओकू लागलं, तरी तेच.