शरभेंद्रराजपट्टणमचा मनोरा

तंजावरहून पट्टुकोट्टईमार्गे सुमारे ६५ किलोमीटर गेले की पाल्कच्या उपसागराकाठी शरभेंद्रराजपट्टणम हे गाव लागते. तेथे खंदक व तटबंदी यांच्या आत षट्कोनी, आठ मजली बुरूज उभा आहे. त्याची उंची सुमारे ७५ फूट. तमिळ रहिवासी त्याला ‘मनोरा’ म्हणतात, आणि आपल्याच घरातला हा शब्द तेथे ऐकून आपण चकित होतो. ज्या अरबी शब्दापासून तो मराठीत आला, त्याचा एक अर्थ दीपस्तंभ असाच आहे. या बुरुजाचा उपयोग गलबतांना वाट दाखविण्यासाठी होत असे, असे सांगतात. तेव्हा हे नाव त्याला सर्वार्थाने शोभते.

तो बांधविला तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी. शरभेंद्र हे त्यांचेच नाव. नेपोलियनचा पाडाव व इंग्रजांचा विजय यांचे हे स्मारक होय. वॉटर्लूशी त्याचा संबंध जोडला जातो. परंतु ती लढाई १८१५ मधील, आणि शिलालेखावरील साल आहे १८१४. म्हणजे नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचे ते वर्ष. हा मजकूर मराठीसह अनेक भाषांत कोरलेला आहे.

मराठ्यांच्या राजाने इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ उभारावा, याचा आपल्याला विषाद वाटल्यावाचून राहत नाही. तथापि त्यांची स्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता; राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेच उरले होते. ज्या किनाऱ्यावर मनोरा उभा राहिला, तेथेही त्यांची सत्ता नव्हती. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८५५ मध्ये वारसाअभावी तंजावरचे संस्थानही खालसा झाले. ज्यांच्या विजयाचा स्तंभ उभारला, त्यांनीच ते गिळले.

मात्र याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला आणि सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीस आणले. तो शिलालेख आणि हा मनोरा एकाच प्रवासात पाहावेत, अशी आमची सूचना आहे. एकात वंशाचा अभिमान आहे, दुसऱ्यात परिस्थितीपुढे झुकलेली मान. दोन्ही मिळूनच सरफोजीराजे समजतात.

मनोऱ्यासमोरचा समुद्र उथळ आहे. त्यातील सागरी गवतावर जगणाऱ्या समुद्रगाईंसाठी तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये या भागात ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र घोषित केले. मुलांना तेही अवश्य सांगावे.

परप्रांती राहणाऱ्या आपणांस या वास्तूपासून घेण्याजोगे एक आहे. राज्य गेले, इंग्रजही गेले. किनाऱ्यावरच्या लोकांनी जपून ठेवला तो एक मराठी शब्द. तो ते परका मानीत नाहीत.