वडापचे डच भाऊबंद

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास पडतो: इथली एसटी कुठे आहे? पुण्याहून मुंबईला जायचं आणि डेक्कन क्वीनचं तिकीट मिळालं नाही, तर आपण घरी बसत नाही. शिवनेरी असते, साधी लालपरी असते, खासगी ट्रॅव्हल्स असते. खिसा बघायचा आणि ठरवायचं. अ‍ॅमस्टरडॅमहून रॉटरडॅमला जायचं म्हटलं की मात्र जो तो रेल्वेकडे बोट दाखवतो. बस गावात फिरते, स्टेशनपर्यंत नेते आणि तिथे सोडते. रेल्वेला समांतर धावणारी, तासातासाला सुटणारी, स्वस्तातली बस शोधूनही सापडत नाही.

डच लोकांना बस आवडत नाही, असा यावरून अंदाज करणं चुकीचं ठरेल. अशा बस इथे होत्या, पुष्कळ होत्या आणि लोकांनी त्या भरभरून वापरल्या. त्या का गेल्या, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

स्वस्त आणि नियमित प्रवास हे या देशाचं जुनं वेड आहे. १६३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम असा सरळ कालवा खणून तयार झाला. त्याच्या काठाने घोडा चालायचा आणि दोराने होडी ओढायचा. या होडीला 'ट्रेकस्खाउट' म्हणत, म्हणजे ओढून न्यायची होडी. वेग ताशी जेमतेम ७ किलोमीटर; हार्लेमला पोचायला सव्वादोन तास लागत. मध्ये हाल्फवेग नावाच्या गावी बांध होता. तिथे उतरायचं, बांध ओलांडायचा आणि पलीकडच्या दुसऱ्या होडीत बसायचं. 'हाल्फवेग' म्हणजे अर्धी वाट. गाडी बदलण्याची डच सवय इतकी जुनी आहे!

पण खरी नवलाई वेगाची नव्हती. होडी ठरल्या वेळी सुटायची, उतारू दोन असोत वा वीस. दर शहरांनी ठरवून दिलेले असत. आपल्याकडचं वडाप आठवा: दहावं माणूस आल्याशिवाय ड्रायव्हर किल्ली फिरवत नाही. 'भरली की सुटणार' आणि 'वेळ झाली की सुटणार' हे प्रवासाचे दोन वेगळे धर्म आहेत. डच लोकांनी सतराव्या शतकातच दुसरा पत्करला.

२० सप्टेंबर १८३९ रोजी याच अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम वाटेवर देशातली पहिली रेल्वे धावली. सव्वादोन तासांचं काम अर्ध्या तासावर आलं आणि या मार्गावरच्या होडीचे दिवस भरले. रेल्वे जिथे पोचली नव्हती, तिथे होड्या पुढची काही दशकं तग धरून राहिल्या.

जवळजवळ ऐंशी वर्षं रेल्वेला तोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर तो आला. मोटारी स्वस्त झाल्या. कोणी गॅरेजवाल्याने, कोणी गाडीवानाने ट्रकच्या सांगाड्यावर बाकडी ठोकली आणि गावातून शहराकडे फेऱ्या सुरू केल्या. भाडं रेल्वेपेक्षा कमी, थांबा घराजवळ, हात दाखवला की गाडी उभी. १९२६ मध्ये सरकारने बससाठी परवाना सक्तीचा केला. त्यानंतरही जे परवान्याशिवाय धावत राहिले, त्यांना नाव पडलं 'विल्ड बस', म्हणजे रानटी बस. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. ही वडापच होती.

१९३० च्या मंदीत रेल्वे कंपन्या तोट्यात गेल्या, लहान फाटे आणि स्टेशनं बंद होऊ लागली. बसवाले फायद्याचा रस्ता तेवढा उचलतात आणि आडगावाचा तोटा रेल्वेच्या गळ्यात टाकतात, अशी तक्रार होती आणि तिच्यात तथ्यही होतं. १९३९ मध्ये प्रवासी मोटार वाहतुकीचा कायदा आला. कोणी, कुठे, कोणत्या मार्गावर बस चालवायची, हे परवान्याने ठरू लागलं. रेल्वेच्या वाटेवर तिच्याशी भांडणारी बस मागे पडली. रेल्वेपर्यंत माणसं आणून सोडणारी बस टिकली.

गंमत म्हणजे त्याच वर्षी हिंदुस्थानातही मोटार वाहन कायदा झाला. त्यामागेही हीच चिंता होती. मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी १९३३ मध्ये रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेवर अहवाल दिला होता. पण पुढची वाट वेगळी झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने बसवाहतूक स्वतःच हाती घेतली आणि १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आपल्याकडे रेल्वेचं जाळं विरळ होतं. कोकणाला तर पूर्ण रेल्वेमार्ग मिळायला १९९८ साल उजाडलं. त्यामुळे एसटीला गावोगावी जाणं भाग होतं आणि रेल्वेच्या शेजारून धावायलाही तिला मुभा राहिली. आपल्याला 'बस की रेल्वे' हा प्रश्न पडतो, तो या इतिहासामुळे. डच माणसाला तो सहसा पडत नाही, तोही त्याच्या इतिहासामुळे.

बदल्यात डच माणसाला काय मिळालं? १९७० च्या नव्या वेळापत्रकाने गाड्या ठरावीक मिनिटाला, तासामागून तास सुटू लागल्या. होडीचा जुना नियमच तो. १९८० मध्ये देशभर चालणारं एकच पट्टीचं तिकीट आलं. २०११ पर्यंत कोणत्याही कंपनीची बस, ट्राम किंवा मेट्रो असो, पट्टीवर शिक्का मारला की काम व्हायचं. १९९१ पासून शिष्यवृत्ती घेणाऱ्या डच विद्यार्थ्यांना प्रवासाचं कार्ड मिळालं. जिथे रूळ नाहीत तिथे लांबची बसही आहे: अल्कमारहून लेउवार्डनला जाणारी बस आफ्स्लाउटडाइक या १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या बांधावरून जाते. आणि लहान खेड्यांत १९७७ पासून 'ब्यूर्टबस' आहे. आठ उतारूंची छोटी गाडी आणि चालक गावातलेच स्वयंसेवक. रानटी बसचं हे माणसाळलेलं रूप.

किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवं. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसे नाहीत, अशा प्रवाशाचा पर्याय इथे काढून घेतला गेला. आपला विद्यार्थी नेमका याच गटात मोडतो. त्याला डच विद्यार्थ्याचं कार्ड सहसा मिळत नाही आणि रात्रभर धक्के खात स्वस्तात पोचवणारी गाडीही नाही. म्हणून इथे काटकसर करायची तर वाहन बदलून फारसं साधत नाही, वेळ बदलावी लागते. सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळणारं सवलतीचं कार्ड घ्यावं, आणि चार जणांनी मिळून जायचं असेल तर गटाचं तिकीट पाहावं.

सीमा ओलांडली की हिशेब उलटतो. पॅरिस किंवा बर्लिनला जाताना रेल्वेचं भाडं आगाऊ आरक्षणावर वरखाली होतं आणि लांब पल्ल्याची बस पुष्कळदा निम्म्याहून कमी पैशांत नेते. जर्मनीनेही आपली रेल्वे जपण्यासाठी देशांतर्गत बसना दशकानुदशकं रोखून धरलं होतं. ते बंधन २०१३ मध्ये उठलं आणि हिरव्या बसचं पीक आलं.

तिकिटाच्या खिडकीशी आपण निवड करतो असं आपल्याला वाटतं. त्यातली बरीचशी निवड आपल्या आधी कोणीतरी कायद्याच्या कागदावर करून ठेवलेली असते. नेदरलँड्सने भरवशाची गाडी निवडली आणि स्वस्त गाडी सोडली. रविवारी रात्री अकरा वाजता, डब्यात चारच माणसं असताना गाडी वेळेवर सुटते, तेव्हा तो सौदा वाईट वाटत नाही. महिनाअखेरीला मात्र वडापची आठवण येते.