लहान मुलांचा सततचा खोकला आणि रक्तातली कमी : पालकांनी काय तपासून घ्यावे?

चिचगड भागात धानाची कापणी झाली, सकाळचं धुकं सुरू झालं की अंगणवाडीत आणि शाळेत खोकल्याचा आवाज वाढतो. बहुतेक मुलं आठवडाभरात बरी होतात. काही मात्र महिन्यातून दोनदा घरी बसतात, आणि त्यांच्यात चेहऱ्याने फिकट, लवकर दमणारी मुलं बरीच असतात. याचा रक्ताशी काही संबंध आहे का?

आधी मोजमाप. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतं आणि ते तयार व्हायला लोह लागतं. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलात ते ११ ग्रॅमपेक्षा कमी असलं तर अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता. ७ पेक्षा कमी असलं तर ती गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात या वयाच्या ६८.९ टक्के मुलांत अ‍ॅनिमिया आहे. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता. तीन मुलांमागे दोन, म्हणजे हा दुसऱ्याच्या घरचा प्रश्न राहिलेला नाही.

न्यूमोनियात फुफ्फुसाच्या पिशव्यांत पू आणि पाणी साचतं, त्यामुळे ऑक्सिजन आत कमी येतो. त्यात तो वाहून नेणारं रक्तच पातळ असेल तर मूल झपाट्याने खालावतं. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही लोह लागतं. पण गोष्ट उलटीही घडते. ताप असताना शरीर लोह अडवून ठेवतं, भूक मरते, आणि वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन आजारामुळेच उतरतं. छातीच्या आजाराने दवाखान्यात आलेल्या मुलांत अ‍ॅनिमिया जास्त आढळतो असं भारतातल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यातून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र ठरत नाही.

म्हणूनच 'लोहाचं औषध पाजलं की सर्दी-खोकला थांबेल' ही अपेक्षा धरू नका. २००२ मध्ये दिल्लीच्या डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि डॉ. तरुण गेरा यांनी २८ चाचण्या एकत्र तपासल्या. लोह दिल्याने संसर्ग एकूणात वाढलेही नाहीत आणि कमीही झाले नाहीत. जुलाबाचा धोका तेवढा किंचित वाढला. औषध द्यायचं ते रक्त भरून यावं, मुलाची वाढ आणि बुद्धी खुंटू नये यासाठी. आणि न्यूमोनिया झालाच तर अंगात तो सोसायची ताकद असावी म्हणून.

'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप मोफत मिळतं. आशाताई बाटली देतात. शौच काळी होते, घाबरू नका. ताप, न्यूमोनिया किंवा जुलाब चालू असताना सिरप थांबवायचं आणि मूल बरं झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. रक्त फारच कमी असेल तर मात्र हा डोस पुरत नाही, तो डॉक्टर ठरवतात. जंताची गोळीही चुकवू नका. कृमी रक्त पितात.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. पूर्व विदर्भात सगळी रक्ताची कमी लोहाची नसते, इथे सिकलसेल आहे. या आजारात लाल पेशी मोडत राहतात. अशा मुलाला छातीचा संसर्ग जिवावर बेततो, आणि तपासणीशिवाय लोह देत राहणं योग्य नाही. 'हा आजार आपल्यात नसतो' असं ऐकायला येतं. जात-जमात बघून नाही, चाचणी करून ठरवा. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्याकडे चुलत-मामे नात्यात रिश्ते होतात, आणि एकाच खानदानात दोघं वाहक निघणं जास्त संभवतं. निकाहाआधी एक साधी रक्तचाचणी करण्यात लाज कसली? सरकारी दवाखान्यात ती होते.

खाण्याचं थोडक्यात. सहा महिने फक्त आईचं दूध. नंतर नुसता भात-वरणाचं पाणी नको. मऊ केलेला खिमा, अंडं, मासे, डाळी, हिरवी भाजी, वर लिंबू पिळून. आठवड्यात एकदा थोडी कलेजी चालते, रोज नको. खजूर जरूर द्या, पण त्यात लोह कमीच असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि दादीमां प्रेमाने बशीत चहा ओततात ना, तो बंदच करा. चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही.

न्यूमोनियाची लस (पीसीव्ही) दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा मोफत मिळते, तिचं कार्ड बघून घ्या. चुलीच्या धुरात मुलाला झोपवू नका.

घरी श्वास मोजता येतो. मूल शांत असताना पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, मूल दूध पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. तिथे पोहोचल्यावर रक्त तपासायला स्वतःहून सांगा, आणि सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर तेही बोला.