पोकर, ऑनलाइन : प्रतिस्पर्ध्याचा अंदाज व पैज

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे त्याच्या पानांचा अंदाज पैजेची रक्कम, निर्णयाला लागलेला वेळ आणि आधीच्या डावांतील वागणूक यांवरून बांधावा लागतो. खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या हातातील दोन पानांची एकच जोडी गृहीत धरत नाही. संभाव्य पानांचा पूर्ण संच मनात धरतो आणि प्रत्येक पैजेनंतर तो लहान करत जातो. क्वचितच डावात उतरणाऱ्याने पैज वाढवली, तर त्याची पाने बहुधा भारी असतात. सतत उतरणाऱ्याबाबत तसे म्हणता येत नाही.

पैजेला उत्तर देताना पॉटचा, म्हणजे डावात जमलेल्या रकमेचा, हिशेब महत्त्वाचा ठरतो. समजा, पॉटमध्ये १०० रुपये असताना प्रतिस्पर्ध्याने ५० लावले. आता ५० रुपये घालून एकूण २०० जिंकता येतात. म्हणजे जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. एकाच रंगाची पाच पाने जुळवायची आहेत; हातात बदामाची दोन पाने, पटावरील चार सामाईक पानांत आणखी दोन आणि एकच पान उघडायचे बाकी असेल, तर न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ बदामाची, म्हणजे पाचवे बदाम मिळण्याची शक्यता सुमारे २० टक्के. पुढील पैजेत जादा रक्कम मिळण्याची आशा नसेल, तर पाने टाकणे शहाणपणाचे. थाप मारतानाही हेच गणित उलट बाजूने लागू पडते : पॉटच्या निम्म्या रकमेची थाप तीनांत एकदा पचली, तरी तोटा होत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या पोकर खेळणाऱ्या संगणक-प्रणालीने २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली.