गणित-जीवशास्त्र संयुक्त संशोधन केंद्रे : निधी आणि रचना

गणितज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांना एकाच प्रश्नावर आरंभापासून मिळून काम करता यावे म्हणून अनेक वर्षांच्या अनुदानावर चालवली जाणारी केंद्रे. या प्रकारातील ठळक योजना अमेरिकेत २०१८ साली सुरू झाली. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था आणि न्यूयॉर्कचे खासगी सायमन्स फाउंडेशन यांनी प्रत्येकी २ कोटी डॉलर घालून चार केंद्रे उभी केली. प्रत्येक केंद्राच्या वाट्याला पाच वर्षांसाठी सुमारे १ कोटी डॉलर आले.

या दोन शास्त्रांची गाठ जुनी आहे. माकुळाच्या मज्जातंतूतून विद्युत्‌संदेश कसा जातो याची हॉजकिन आणि हक्सली यांची समीकरणे १९५२ची. त्याच वर्षी ॲलन ट्यूरिंगने प्राण्यांच्या अंगावरील ठिपके-पट्टे रासायनिक विसरणातून कसे उमटू शकतात हे मांडले. त्याआधी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे, मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे सूत्र दिले होते. पिकांचे जनुकीय नकाशे करताना ते आजही वापरतात.

कोसंबींना केंद्र लागले नाही, मग आज का लागावे? कारण प्रश्नाचा आवाका बदलला. आता हजारो पेशींमधून प्रत्येकीतील हजारो जनुकांची मोजणी एका प्रयोगात हाती येते आणि ती वाचायला तयार गणित अपुरे पडते. खरा अडथळा मात्र अनुदानाच्या रूढ पद्धतीत आहे. गणिताचे अनुदान सहसा लहान आणि एका व्यक्तीपुरते. जीवशास्त्राचे अनुदान प्रयोगशाळेला. संयुक्त प्रस्ताव जीवशास्त्राच्या समितीला आकडेमोडीची जोड वाटतो, तर गणिताच्या समितीला त्यात नवे प्रमेय दिसत नाही. दोन्ही दारांतून परतणाऱ्या अशा कामाला स्वतंत्र निधी देणे, हे या योजनेचे मोठे श्रेय मानावे लागेल. हा पैसा मुख्यतः माणसांवर जातो: विद्यार्थी, पोस्ट-डॉक्टरल संशोधक, परस्परांच्या प्रयोगशाळांतील मुक्काम. एकमेकांचे प्रश्न कळायलाच पुष्कळ काळ जातो, तेव्हा त्या काळाचा पगार कोणी तरी द्यावाच लागतो.

या चार केंद्रांपैकी अटलांटातील जॉर्जिया टेक येथील केंद्राने अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांत गणितज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांच्या जोड्या बांधल्या. त्याचे नेतृत्व करणाऱ्या क्रिस्टीन हाइट्श यांचा अभ्यास आरएनएच्या घड्यांचा, तोही कॉम्बिनेटोरिक्सच्या, म्हणजे शक्य मांडण्या मोजण्याच्या गणिताच्या, अंगाने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत चिंग न्ये यांच्या नेतृत्वाखाली पेशी आपले भवितव्य कसे ठरवते हा विषय घेतला गेला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फळमाशीवर काम करणारे रिचर्ड कार्थ्यू आणि उपयोजित गणिताचे विल्यम कॅथ एकत्र आले. चौथे केंद्र हार्वर्डमध्ये होते.

याआधी ओहायो स्टेट विद्यापीठात २००२ साली मॅथेमॅटिकल बायोसायन्सेस इन्स्टिट्यूट आणि टेनेसी विद्यापीठात २००८ साली निम्बायोस या संस्था सरकारी निधीतून निघाल्या होत्या. त्यांचा भर कार्यशाळा आणि पाहुण्या संशोधकांवर होता. सरकारी निधीची मुदत संपल्यावर त्यांचा भार प्रामुख्याने विद्यापीठांवर आला. मुदतीचे अनुदान ही या सगळ्या व्यवस्थेची कच्ची बाजू आहे, कारण तरुण संशोधकाला कायमची जागा शेवटी एखाद्या विभागातच मिळवावी लागते आणि तिथे निवड जुन्याच निकषांवर होते.

सायमन्स फाउंडेशनचे संस्थापक जिम सायमन्स स्वतः भूमितीचे नामवंत अभ्यासक होते. गुंतवणुकीच्या व्यवसायात कमावलेली संपत्ती त्यांनी आणि मॅरिलिन सायमन्स यांनी १९९४पासून मूलभूत विज्ञानाकडे वळवली. २०२३ साली याच दोन निधीदात्यांनी शिकागोत नॉर्थवेस्टर्न आणि शिकागो विद्यापीठ यांनी मिळून चालवायच्या याच विषयाच्या राष्ट्रीय संस्थेला पाच वर्षांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळूरु येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथील सजीव यंत्रणांच्या अभ्यासाचे सायमन्स केंद्र याच फाउंडेशनच्या साहाय्याने उभे राहिले असून तिथे सिद्धांत मांडणारे संशोधक प्रयोगशाळांच्या शेजारीच काम करतात.