सायक्लिन ई मोडीत निघाले नाही तेव्हा…

स्थळ: स्तनातल्या दूधनलिकेचे अस्तर. तिथली एकच पेशी. प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी पेशी विभाजनाची फेरी साधारण २४ तासांत पुरी करते. तोच हिशेब इथे धरला आहे. शरीरात ही फेरी बरीच लांबू शकते. या पेशीतले एफबीएक्सडब्ल्यू ७ हे जनुक आधीच निकामी झाले आहे.

विभाजनाला २४ तास उरले. इस्ट्रोजेनचा संदेश येतो. सायक्लिन डी १ हे प्रथिन तयार होते आणि सीडीके ४ व ६ या विकरांना कामाला लावते. इथवर सारे नेहमीसारखे.

१६ तास उरले. पेशीला रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाची पकड सुटते. डीएनएच्या नकलेसाठी लागणारी जनुके जागी होतात. नक्कल सुरू करून देणारे सायक्लिन ई हे प्रथिन वाढू लागते.

१४ तास उरले. त्याला अडवायला पी २७ हे प्रथिन असते. पण सायक्लिन ईचा साठा आधीपासूनच जास्त आहे. त्यापुढे पी २७ अपुरे पडते, त्याच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे नाशाची, खूण चढते आणि प्रोटिअसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते. नक्कल वेळेआधी सुरू होते.

१२ तास उरले. आता सायक्लिन ईनेही जायला हवे. त्याच्यावर नाशाची खूण चढवण्याचे काम एफबीएक्सडब्ल्यू ७चे, आणि तेच बंद आहे. सायक्लिन ई ठाण मांडून बसते. नक्कल जागोजागी अडखळते, डीएनए तुटतो.

४ तास उरले. तपासणीची वेळ. ती करणारे पी ५३ हे प्रथिन शाबूत असेल, तर पेशी थांबते किंवा मरते. धोका इथेच टळतो. या पेशीत पी ५३ही बिघडले आहे.

१ तास उरला. गुणसूत्रे रांगेत येतात. त्यांना वेगळे करण्यासाठी सेक्युरिन आणि सायक्लिन बी ही प्रथिने नेमक्या क्षणी नष्ट व्हायला हवीत. सायक्लिन ईचा अतिरेक त्या यंत्रणेतही अडथळा आणतो.

शून्य. दोन पेशी जन्मतात, पण ४६-४६ गुणसूत्रांची वाटणी चुकलेली असते. एकीत जास्त, दुसरीत कमी. पुढच्या प्रत्येक फेरीत चुका साचत जातात. गाठ हाताला लागेपर्यंत सहसा वर्षे उलटतात.

सायक्लिन ठरावीक वेळी नाहीसे होते, हे टिम हंट यांना १९८२ साली सागरी अर्चिनच्या अंड्यांत दिसले. २००१ साली त्यांना लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासह नोबेल मिळाले. युबिक्विटिनची वाट उलगडणाऱ्या सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना ते २००४ साली मिळाले. सायक्लिन आणि सीडीके यांच्या ज्ञानातून सीडीके ४ व ६ रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध आले. अमेरिकेत २०१५ साली त्याला मान्यता मिळाली आणि आज अशी औषधे हार्मोन-संवेदी स्तनकर्करोगात वापरली जातात.

पेशीला वाढवणारी प्रथिने जितकी महत्त्वाची, तितकेच ती वेळेवर नष्ट होणेही. हा बिघाड आतल्या आत, वेदनेविना होतो. म्हणून बायांनो, स्तनात गाठ लागली आणि ती दुखत नसली, तरी थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.